कुंपणाच्या वर

कायद्याने चार. मी चारच लावते.
पाचवं आपसूक उगवलं होतं कंपोस्टच्या ढिगात,
ते मे महिन्यात उपटलं
आणि दिवसभर हातांना वास येत राहिला,
चोरी करून आल्यासारखा.

जूनमध्ये गुडघ्याला,
जुलैत माझ्या खांद्याला,
ऑगस्ट संपता संपता
शेजारच्या पेअरला विचारू लागतात,
वरून काय दिसतंय?
रस्त्यावरून दिसायला नकोत, हेही कायद्याने.
मी कुंपणाला फळी वाढवते, ती वीतभर वाढतात.
पोर वाढतं तशी विजार आखूड होत जाते ना,
तसं हे कुंपण.

यंदा डोंगरापलीकडे जंगल पेटलं.
अकरा दिवस सूर्य जर्दाळूएवढा, त्याच रंगाचा,
पानांवर राख.
पहाटे उठून एकेक फांदी धुतली,
आजारी माणसाचं अंग पुसावं तशी.

मातीत काय घालते, विचारतात लोक.
कोंबड्यांचं खत, कुजलेलं गवत, अंड्यांची टरफलं,
माशांची डोकी, मासेवाला फेकून देतो ती.
आणि हार्लनचे बूट.
हे कोणाला सांगत नाही.
तो गेला त्या वर्षी पुरले. टाकवत नव्हते,
आणि कोणाला द्यावेत असेही राहिले नव्हते.
तिसरं झाड त्यांच्यावर आहे.
तेच जरा एका अंगाला कलतं.
तोही तसाच उभा राहायचा.

सत्त्याऐंशी साली
हार्लनने वर उतारावर लावली होती, झुडपांच्या आड.
पाणी खांद्यावरून, रात्री, उजेड न करता.
तळहातावरच्या फोडासारखी जपलेली नऊ झाडं.
सप्टेंबरात हेलिकॉप्टर आलं.
आधी पानं उलटी झाली, पांढुरकी,
आवाज मग ऐकू आला, असं तो सांगायचा.
खाली उतरला तो पोरगाच, चोवीस वर्षांचा,
बिल्ला नवा कोरा.
कोयत्याने नऊही आडवी केली
आणि बेड्या घालताना म्हणाला,
सॉरी, मिस्टर टीग.

चौदा महिने.
चौदा महिने मी ग्रँट्स पासच्या बेकरीत पाव भाजले
आणि अंगणात काही लावलं नाही.
गुलाबसुद्धा.

तो पोरगा म्हणजे डेल ऑस्ट्रँडर.
आता साठी ओलांडलेला, दोन घरं सोडून राहतो.
बायको सोडून गेली, मग गुडघे गेले.
तीस वर्षं आम्ही एकमेकांना
पत्रपेटीपाशी मान हलवून भागवलं.

परवा रेडिओवर सांगितलं, रात्री पाऊस.
ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे
भरल्या कणसांत बुरशी, एका रात्रीत,
आणि फांद्या आपल्याच ओझ्याने मोडतात.
मी त्र्याहत्तर वर्षांची, शिडीवर,
तोंडात सुतळी, काखेत ताडपत्री,
बारा फुटी झाडाला बांबूशी बांधत होते
तेव्हा शिडी हलायची थांबली.
खाली पाहिलं. डेल.
दोन्ही हातांनी धरून उभा.
फाटक उघडंच होतं, म्हणाला.
नव्हतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
दुसरं झाड झालं, तिसरं झालं.
शिडी सरकवायला तो लंगडत पुढे, मी मागे.
मग वर बघत तो म्हणाला,
तेव्हा एवढी मोठी नव्हती.
म्हटलं, होऊच दिली नाहीत तुम्ही.

त्याने शिडीवरची पकड
थोडी घट्ट केली. एवढंच.

एका कणसात राखाडी बुरशी सापडली,
जर्दाळूतल्या अळीसारखी आत बसलेली.
अंगठ्याएवढं कापून काढलं, खाली टाकलं.
पहिले थेंब ताडपत्रीवर वाजू लागले
तरी मी लगेच उतरले नाही.
वरून त्याचं टक्कल दिसत होतं,
त्यावर पानाचं एक हिरवं बोट
चिकामुळे चिकटून बसलेलं.

तो तसाच घरी गेला.
मी सांगितलं नाही.